वरचे तीनशे ग्रॅम

मित्रांनो, माझ्यावर उभे राहण्याआधी जरा थांबा. मी एक जुना वजनकाटा आहे, आणि माझ्यावर आधीच थोडे वजन आहे. तुम्हाला ते दिसणार नाही. तुम्ही म्हणाल, काटा बिघडला असेल. तसे सगळेच म्हणतात. पण माझी हकिकत ऐका, मग ठरवा.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. भट्टीतले लाल लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, आणि थंड झाल्यावर मी तीन तुकड्यांत बाहेर आलो. खाली उभे राहायची जाड फळी, तिच्या पोटात लोखंडी तरफा, मागे छातीएवढा खांब आणि वर मागाहून बसवलेली पितळी दांडी. दांडीवर दोन वजने सरकतात, एक मोठे आणि एक छोटे. दांडीच्या टोकाशी एक चौकट आहे. दांडी त्या चौकटीत मधोमध तरंगली की वजन खरे समजायचे. रिकामा असतानाही मी असाच तरंगलो पाहिजे. ज्या कारागिराने मला जोडले तो फळीवर हात टेकून म्हणाला होता, "रिकामा असताना खरा, तो भरल्यावरही खरा." तेव्हा मला ते पोकळ वाटले होते. लहानपणी शहाणपणाच्या गोष्टी अशाच वाटतात.

सुरुवातीची वर्षे मी एका गोदामात पोती तोलली. पोती गप्प असतात आणि त्यांना आपले वजन किती आले याचे सुखदुःख नसते. मला तिथे कंटाळा आला होता, खरे सांगतो. गोदाम बंद पडले आणि मला एका बॉक्सिंग क्लबने उचलून नेले. ढकलगाडीवरून तीन गल्ल्या ओलांडून मी तिथे पोचलो. एक लांब खोली, मध्ये दोरांनी बांधलेले रिंगण, छताला टांगलेल्या चामडी पिशव्या, आणि घामाचा असा वास की लोखंडालाही सर्दी व्हावी. मला कपड्यांच्या खुंट्यांशेजारी उभे केले, आणि तिथून पुढे माझ्यावर माणसे उभी राहू लागली.

माणसाचे वजन पोत्यासारखे स्थिर नसते, हे मला पहिल्याच दिवशी कळले. ते थरथरते. जिंकून आलेला आणि हरून आलेला एकाच वजनाचे असतील, पण फळीवर ते सारखे लागत नाहीत. आकडा मी एकच दाखवतो, कारण मला दुसरे काही दाखवता येत नाही. क्लबात माझा फार मान होता. दोघांत वाद झाला की म्हणायचे, "काट्याला विचारा." माझ्या डोक्यात थोडी हवा गेली होती, हेही कबूल करतो.

त्या क्लबात झाडलोट करायला एक बाई होती. तेव्हा ती तरुण होती, तरी सगळे तिला मावशी म्हणायचे. तिनेच एक दिवस अकरा वर्षांच्या एका पोराला दंड धरून माझ्यावर उभे केले. बाहेरच्या पायरीवर रोज बसून खिडकीतून आत बघायचा तो. चौतीस किलो. मावशी म्हणाली, "एवढासा जीव. फुंकर मारली तर उडेल." पोरगा म्हणाला, "मारून बघा." तिने मारली. तो उडाला नाही, आणि क्लबाचा झाला.

तो वाढत गेला आणि त्याचा प्रत्येक किलो मला ठाऊक आहे. त्याचा डावा हात सापाच्या जिभेसारखा चालायचा, दिसायच्या आधीच परत आलेला असायचा. हौशी खेळाडूंमध्ये त्याने दोनदा देशाचे सुवर्णपदक आणले, तेव्हापासून त्याला सोन्या म्हणू लागले. वर्तमानपत्राची कात्रणे माझ्या शेजारच्या भिंतीवर चिकटवलेली होती. त्यांची कड उन्हाने पिवळी होताना मी पाहिली.

आता मी आयुष्यात दाखवलेले एकमेव खोटे सांगतो.

सोन्या बावीस वर्षांचा होता. परदेशी स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता आणि वजने आमच्याच क्लबात घ्यायची ठरली. त्याच्या गटाची मर्यादा पंचाहत्तर किलो. तो आठवडाभर पाणीसुद्धा मोजून प्यायला होता. ओठांना भेगा पडल्या होत्या. बाहेरून पाहुणे येणार म्हणून मावशीने पहाटेपासून फरशी पुसली, मला पुसले, माझ्या फळीखालची धूळसुद्धा काढली. घाईत कुणीतरी हाक मारली आणि ओले फडके माझ्या पोटात, तरफेवर, तसेच राहिले. मला तो गार ओलावा जाणवत होता. पण मला तोंड नाही. मला फक्त दांडी आहे.

रिकामा काटा आधी बघायचा, हा नियम आहे. वजन घेणारा अधिकारी म्हणाला, "कालच तर बघितला होता." आणि त्याने बघितला नाही.

सोन्या उभा राहिला. पंचाहत्तर किलो तीनशे ग्रॅम. नियमाने तासाभराची सवलत होती. तो तासभर दोरीवरून उड्या मारत होता, पण अंगात घाम उरलाच नव्हता. परत उभा राहिला तेव्हा शंभर ग्रॅम कमी झाले होते. त्याच्या जागी दुसरा मुलगा विमानात बसला. सोन्याने माझ्याकडे एकदा पाहिले. त्याला माझ्यावर संशय नव्हता, आणि मला तेच जास्त लागले.

संध्याकाळी मावशीने फडके शोधले. माझ्याखालून ते बाहेर काढताना तिचा हात थांबला. तिने वर दांडीकडे पाहिले. दांडी हळूच खाली येऊन मधोमध तरंगली. ती कितीतरी वेळ फडके पिळत बसली होती. ती कुणाला काही बोलली नाही, आणि मी तर बोलू शकतच नाही. त्या दिवसापासून ती रोज सकाळी वाकून माझ्या फळीखाली हात फिरवू लागली. लोक म्हणायचे, मावशीला काट्याचा लळा फार.

त्यानंतर सोन्या व्यावसायिक लढती लढला, थोड्या जिंकला, बऱ्याच हरला, आणि मग यायचा बंद झाला. एका मोठ्या इमारतीत त्याने लिफ्ट चालवायची नोकरी धरली. लग्न झाले, मुलगी झाली. भिंतीवरची कात्रणे गळून पडली आणि तिथे नवी लागली.

नवी कात्रणे रणगाड्याची होती. तेवीस वर्षांचा पोरगा, एकशे दहा किलो, अकरा लढती आणि अकरा विजय. त्यातल्या नऊ लढती पहिल्या दोन फेऱ्यांतच संपल्या होत्या. टोपणनाव रणगाडा असले तरी माझ्यावर चढण्याआधी तो पाय पुसायचा. त्याचा बाप हमाल होता आणि शाळा सुटल्यावर तोही बापाबरोबर ओझी उचलायचा. पोत्यांची ओळख असलेला तो एकटाच माणूस त्या क्लबात होता, म्हणून माझा त्याच्यावर जीव.

रणगाड्याच्या बाराव्या लढतीसाठी प्रतिस्पर्धी हवा होता. हे काम मध्यस्थाचे. मध्यस्थ म्हणजे लढती जुळवणारा माणूस. लग्ने जुळवणाऱ्यांसारखेच त्याचे काम, फरक इतकाच की इथे दोन्ही पक्ष पहिल्या भेटीत एकमेकांचे नाक फोडतात. त्याच्याकडे एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात नावांच्या चिठ्ठ्या. वर येणाऱ्या पोराला कोण द्यायचा, याचे त्याचे सूत्र ठरलेले होते.

"नाव मोठं पाहिजे आणि दम लहान," तो रणगाड्याच्या वस्तादाला सांगत होता. "कोण हरला ते लोकांना आठवत नाही, कुणाला हरवलं ते आठवतं. सोन्याला विचारतो. दोनदा देशाचा विजेता. पोस्टरवर शोभून दिसेल."

"अडतीस वर्षांचा झाला तो," वस्ताद म्हणाला.

"म्हणूनच तर."

सोन्या आला. पोट सुटले होते, केस विरळ झाले होते. कितीतरी वर्षांनी त्याचे तळवे माझ्या फळीला लागले. शहाण्णव किलो. हेवीवेटला वर मर्यादा नसते, नव्वदच्या वर असले की झाले. मध्यस्थाने त्याच्या पोटावर प्रेमाने थाप मारली आणि कागद पुढे केला. लढत पाच महिन्यांनी होती.

सगळे गेल्यावर मावशीने त्याला विचारले, "कशाला रे बाबा आता हे? बायको काय म्हणते?"

"ती आठ दिवस बोलली नाही. आता बोलते, पण भाजी जोरात चिरते," तो हसला. मग म्हणाला, "मावशी, मी दिवसभर वर-खाली करतो आणि पोचत कुठेच नाही. पोरगी नऊ वर्षांची झाली. तिने मला लिफ्टमध्येच बघितलंय. एकदा तिने मला दिव्यांखाली बघावं. माझं नाव कुणीतरी मोठ्याने पुकारावं. हरलो तरी चालेल."

 मावशी वाकून माझ्या फळीखाली हात फिरवू लागली, सकाळी फिरवला होता तरी.

इथपर्यंतचे सगळे तुम्हाला पटेल, मित्रांनो. यापुढचे पटवून घ्या असा माझा आग्रह नाही.

साधारण महिन्याने, दुपारी दोनच्या सुमाराला, क्लब रिकामा असताना, माझ्यावर कुणीतरी उभे राहिले. म्हणजे माझी दांडी उचलली गेली. फळीवर पाय नव्हते. सावली नव्हती. उन्हाचा पट्टा फळीवरून सरळ गेला होता. पण वजन होते. पोत्याचे असते तसे मुके नव्हते ते. ते थरथरत होते. मावशी कोपरा झाडत होती. तिने दांडीकडे पाहिले, केरसुणी खाली ठेवली, जवळ येऊन वाकली आणि खाली हात फिरवला. काही नव्हते. मग तिने छोटे वजन सरकवत सरकवत दांडी तरंगवली. दोन किलो.

पाच मिनिटांनी ते उतरले. जाताना फळी जराशी करकरली, माणूस उतरल्यावर करकरते तशी.

दुसऱ्या आठवड्यात ते तीन किलो झाले. मग पाच. रोज दुपारी दोनला. मावशीला पहिल्यांदा भीती वाटली असावी, कारण दोन दिवस ती दुपारची आलीच नाही. पण माणूस कशालाही सरावतो. तिसऱ्या दिवशी ती आली आणि दांडी उचलली गेल्यावर झाडता झाडता म्हणाली, "आलात का? बसा." बसायला काय होते तिथे? पण म्हणाली. पुढे पुढे ती विचारायची, "आज किती?" आणि बघून मान हलवायची. "वाढतंय हो तुमचं," एकदा म्हणाली, आणि मग तिची केरसुणी थांबली. कारण ते वजन वाढत होते, पण हळूहळू खंगत चाललेल्या माणसासारखे लागत होते. हे मला जाणवत होते. तिला कसे कळले ते मी सांगू शकत नाही.

सात. नऊ. साडेदहा.

त्या महिन्यांत सोन्या क्लबात आला नाही. मध्यस्थाला त्याने कळवले की तो घराजवळच सराव करतो. मध्यस्थाला त्यात काही वावगे वाटले नाही. ज्याने हरायचेच आहे, त्याच्या सरावाची चौकशी कोण करतो?

लढतीच्या आदल्या दिवशी वजने होती, दुपारी दोन वाजता, आमच्याच क्लबात. छायाचित्रकार आले होते. मागच्या बाकावर सोन्याची बायको आणि मुलगी बसली होती. मुलीने दोन वेण्या घातल्या होत्या आणि ती बाकावर गुडघे टेकून उभी होती. अधिकाऱ्याने या वेळी मला रिकामा असताना नीट पाहिले. मी मधोमध तरंगत होतो. रणगाडा पाय पुसून चढला. एकशे दहा किलो दोनशे ग्रॅम. टाळ्या पडल्या.

मग सोन्याचे नाव पुकारले. तो जाड बाह्यांचा अंगरखा आणि ढगळ पॅन्ट घालून आला. गाल आत गेले होते आणि डोळे मोठे दिसत होते. वजने घेणारे लोक आयुष्यभर चोर पकडतात, पण सगळे चोर एकाच जातीचे, वजन कमी दाखवणारे. कुणी कोपर टेकतो, कुणी खांबाला हळूच हात लावतो. वजन वाढवून दाखवणारा चोर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. अधिकारी म्हणाला, "हेवीवेट ना? राहू देत कपडे. वर मर्यादाच नाही तर उगाच कशाला?" मध्यस्थ म्हणाला, "बारीक दिसतोस रे. सराव जोरात झाला वाटतं." आणि हसला.

सोन्या माझ्यावर उभा राहिला आणि मला सगळे कळले. त्याच्या कमरेला आणि पोटऱ्यांना शिशाच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. शिसे मुके असते, पोत्यासारखे. ते बारा किलो होते. त्याने हिशेब अचूक केला होता, त्याच्या अंगाचे चौऱ्याऐंशी आणि वर बारा, म्हणजे शहाण्णव. पाच महिन्यांपूर्वी होते तेवढेच, कुणाला शंका यायला नको. बारा किलो त्याच्या अंगातून कसल्याशा दुखण्याने गेले होते, आणि ते त्याने कुणालाही सांगितले नव्हते.

आणि तो उभा राहिला त्याच क्षणी त्याच्याबरोबर दुपारचे ते दुसरे वजनही चढले. रोजच्या वेळेला, रोजच्यासारखे थरथरत.

अधिकाऱ्याने वजने सरकवली आणि वाचले, "एकशे आठ."

सोन्या पांढरा पडला. "पुन्हा बघा."

"एकशे आठ. छान आहे की."

"शहाण्णव पाहिजे," तो पुटपुटला. मग आपल्या दोन्ही बाजूंना पाहत म्हणाला, "ह्याच्यावर अजून कोण उभं आहे?"

मध्यस्थ हसला. बाकी कुणी हसले नाही. सोन्या उतरला. अधिकाऱ्याने दोन्ही वजने मागे शून्यावर सरकवली. मी तरंगायला हवे होते. पण माझी दांडी ताडकन वर जाऊन चौकटीच्या वरच्या कडेला टेकली आणि तिथेच राहिली. फळीवर कुणी नव्हते. पंचवीस माणसे त्या रिकाम्या फळीकडे पाहत होती. मुलगी आईला चिकटली.

"गंजलाय," मध्यस्थ म्हणाला आणि त्याने माझ्या खांबाला लाथ मारली. दांडी हलली नाही.

गर्दीतून मावशी पुढे आली. पदर खोचून ती गुडघ्यांवर बसली आणि माझ्या फळीखाली खांद्यापर्यंत हात घातला. इकडून तिकडे फिरवला. बाहेर काढला तेव्हा हात कोरडा होता. मग उठून तिने छोटे वजन सरकवले, सवयीच्या हाताने. दांडी बारावर तरंगली.

"त्या दिवशी फडकं होतं," ती म्हणाली. आवाज इतका साधा होता की पहिल्यांदा कुणाला अर्थच लागला नाही. "सोळा वर्षांपूर्वी. खाली माझं ओलं फडकं राहिलं होतं, सोन्या. तुझे तीनशे ग्रॅम जास्त नव्हते. ते फडक्याचे होते. मला संध्याकाळी कळलं. मी घाबरले, नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. नंतर तुला सांगायला तोंड राहिलं नाही."

सोन्याने तिच्याकडे पाहिले. मला वाटले तो ओरडेल. मला तर वाटत होते की ओरडावे.

"आदल्या दिवशी मी अर्धं सफरचंद खाल्लं होतं," तो हळू म्हणाला. "सोळा वर्षं त्या अर्ध्या सफरचंदाला शिव्या देतोय, मावशी. घरात सफरचंद आणू देत नाही मी. पोरीलासुद्धा."

मग त्याने खाली बसून पॅन्टचे पाय वर केले, पट्ट्या सोडल्या, कमरेच्या सोडल्या, आणि शिसे फरशीवर ठेवले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडून मागून आणलेले तुकडे होते. अंगरखा काढला तेव्हा त्याच्या बरगड्या दिसल्या. बायको बाकावरून उठली आणि तिथेच उभी राहिली. नवऱ्याने महिन्याभरात तिच्यासमोर शर्ट काढला नव्हता, हे तिच्या त्याच वेळी लक्षात आले असावे.

"हे बारा किलो मी बांधून आणले होते," तो म्हणाला. "आता बघा. खरं काय ते दिसू दे."

तो पुन्हा माझ्यावर चढला. आणि मित्रांनो, मी शहाण्णव दाखवले.

मला चौऱ्याऐंशी दाखवायचे होते. मी दांडी खाली खेचायचा प्रयत्न केला, पण काट्याला प्रयत्न करता येत नाही, जे असेल ते दाखवावे लागते. ते दुसरे वजन माझ्यावर होते आणि ते त्याचेच होते. जे दुपारी येऊन उभे राहायचे ते त्याच्या अंगातून निघालेले बारा किलो होते. ते इथेच येत होते, जिथे त्याचे सगळे किलो मोजले गेले होते. माझा आकडा खोटा नव्हता. पण तो माणूस चौऱ्याऐंशी किलोंचा होता आणि उद्या त्याला रणगाड्यासमोर उभे राहायचे होते.

"शहाण्णव," अधिकारी घाम पुसत म्हणाला. "ठरलं होतं तेवढंच आहे. काट्यावर आहे ते आहे."

"वजन आहे म्हणजे तब्येत आहे," मध्यस्थ घाईने म्हणाला. त्याने आयुष्यात शेकडो लढती याच एका वाक्यावर जुळवल्या होत्या. "डॉक्टर सही करतील. फोटो घ्या."

सोन्याच्या डोळ्यांत आनंद चमकला, आणि त्या आनंदाची मला भीती वाटली. त्याला वाटले, मी त्याला जाऊ दिले. सोळा वर्षांपूर्वी अडवले आणि आज जाऊ दिले.

तेव्हा रणगाडा पुढे आला. "दादा, माफ करा हं," म्हणाला, आणि त्याने सोन्याला एका हाताने पाठीखाली आणि एका हाताने गुडघ्यांखाली धरून माझ्यावरून सरळ उचलले. लहान मुलाला झोपेतून उचलावे तसे. सोन्याने धडपड केली, मग थांबला.

रणगाड्याने डोळे मिटले होते. त्याच्या बापाने त्याला असेच शिकवले होते, ओझे हातात घेतले की डोळे मिटायचे.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "मी हमालाचा पोरगा आहे. काटा चुकेल, माझे हात चुकत नाहीत. ह्यांना मी मारणार नाही. जीव जाईल ह्यांचा."

"खाली ठेव त्याला," मध्यस्थ म्हणाला. "बारावी लढत आहे तुझी. डोकं फिरलंय का?"

"असू दे. अकराच राहू देत."

"खाली ठेव रे," सोन्या त्याच्या छातीशी तोंड करून म्हणाला. "पोरगी बघतेय."

"बघू दे, दादा," रणगाडा म्हणाला. "तिला सांगा, देशाच्या विजेत्याला उचलायला मला दोन्ही हात लागले."

तो त्याला उचलूनच घेऊन गेला, सोन्याच्या बायकोपर्यंत, आणि तिथून बाहेर गाडीपर्यंत. मागे अधिकाऱ्याने वजने शून्यावर सरकवली, तरी फळी रिकामी असूनही माझी दांडी उचललेलीच होती. मावशीने माझ्या खांबावर हात ठेवला आणि पाच मिनिटांनी दांडी खाली आली.

लढत झाली नाही. मध्यस्थाने डबा उचलला आणि तो दुसऱ्या क्लबात गेला. मला बिघडलेला ठरवून जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत ढकलले, फाटक्या पिशव्या आणि तुटलेल्या स्टुलांच्या संगतीत. नवा काटा आला, काचेचा, विजेवर चालणारा. तो आकडा चटकन सांगतो आणि लगेच विसरतो. त्याचा मला हेवा वाटतो.

सोन्याचे ऑपरेशन झाले. पोटात गाठ होती आणि महिनाभर उशीर झाला असता तर, असे डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धे सोडले. हे मला मावशीकडून कळले. ती रोज दुपारी दोनला जिन्याखाली यायची. दांडी अजून उचलली जायची. ऑपरेशनच्या दिवशी ते वजन दिवसभर माझ्यावरून हलले नाही. मावशी माझ्याशेजारी तुटक्या स्टुलावर बसून होती. "जा ना आता त्याच्याकडे," ती त्या रिकाम्या फळीला समजावत होती. "इथे काय आहे तुझं? जा."

पंधरा दिवसांनी ते अकरा झाले. मग नऊ. मावशी आकडा बघून बोटे मोजायची आणि हसायची. सहा. चार. एका दुपारी फक्त एक. ते माझ्यावरून थोडे थोडे उतरून जात होते, आणि कुठे जात होते ते आम्हा दोघांना ठाऊक होते.

शेवटी एके दुपारी दांडी जेमतेम उचलली गेली. मावशीने छोटे वजन सरकवले आणि ती खाली बसली. तीनशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशीही तीनशे, तिसऱ्या दिवशीही. तेवढे गेले नाहीत. पाच मिनिटांनी उतरायचेसुद्धा बंद झाले.

वर्षभराने सोन्या मुलीला घेऊन आला. तो आता संध्याकाळी पोरांना डावा हात शिकवणार होता आणि त्यासाठी त्याला जिन्याखाली पडलेली जुनी स्टुले हवी होती. त्याचे गाल भरले होते. मुलीच्या हातात अर्धे सफरचंद होते. उरलेले अर्धे बाप खात होता. मावशी म्हणाली, "एकदा उभा राहा ना त्याच्यावर."

"नको, मावशी. माझं आणि ह्याचं फिट्टंफाट झालं."

पण मुलगी हट्टाला पेटली. तेव्हा सोन्याने तिच्या हातातले सफरचंद घेतले, आधी स्वतः गुडघ्यांवर बसला आणि माझ्या फळीखाली हात फिरवला. मग रिकाम्या दांडीकडे पाहिले. ती उचललेली होती. त्याने छोटे वजन सरकवून तीनशेची खूण पाहिली, मावशीकडे पाहिले, आणि मुलीला वर उभे केले.

"सत्तावीस किलो तीनशे," मुलीने वाचले.

"सत्तावीस," सोन्या म्हणाला. "वरचे तीनशे ग्रॅम माझे आहेत."

मित्रांनो, ते अजून माझ्यावर आहेत. मी त्यांची तक्रार करत नाही. फक्त एवढेच मागतो की कुणालाही माझ्यासारख्यावर उभे करून त्याच्या आयुष्याचा निकाल लावण्याआधी वाकून एकदा खाली हात फिरवा. आणि जो उभा आहे, त्याला जमलेच तर उचलून बघा.